नाही म्हणायचंय? मग लेखी द्या

मानवी हक्क म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं हे जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या सूटबूटवाल्यांचं काम, आणि त्यात आता एआय आलंय म्हटल्यावर तर विषयच मिटला, ते पुण्या-हैदराबादला आयटीत गेलेल्या पोरांनी बघावं, आपण आपली सोयाबीन बघावी. माझं मत उलटं आहे. या विषयाची खरी परीक्षा बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवला होणार आहे, कारण इथल्या माणसाचं अर्धं जगणं कुठल्यातरी पोर्टलवर येऊन अडकलंय. रेशन, पीएम किसान, पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, लाडकी बहीण, निराधारचे पैसे, रोहयोची हजेरी, अंगणवाडीतला आहार, यातलं एक काम सांगा जे आता आधार, ओटीपी, अंगठा नाहीतर चेहऱ्याचा फोटो यातल्या कशाशिवाय पुढं सरकतंय. मुंबईत एखाद्याचं ॲप बंद पडलं तर त्याची चिडचिड होते, इथं महिन्याचं धान्य जातं.

संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा, पॅरिसला मंजूर झालेला, एकूण ३० कलमं. त्या दिवशी मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटून तीन महिनेही झाले नव्हते. तेव्हा ना मोबाईल ना इंटरनेट, म्हणून ती कलमं आता पुरत नाहीत, डिजिटल काळासाठी नवीन लिहा अशी मागणी जगभर आहे आणि त्यावर कामही बरंच झालंय. युनेस्कोने २०२१ ला एआयच्या नीतिमत्तेवर शिफारशी काढल्या, युरोपियन युनियनचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ ला अंमलात आला (कलमं टप्प्याटप्प्याने लागू व्हायलेत), त्याच्या पुढच्याच महिन्यात कौन्सिल ऑफ युरोपने एआय आणि मानवी हक्कांवरचा करार सह्यांसाठी खुला केला. आपल्याकडं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण नवीन हक्कांची यादी लांबत चाललीय आणि ज्या एका जुन्या हक्काच्या जिवावर बाकीचे सगळे चालतात तोच हातातून निसटायलाय, आणि त्याची ओरड कुणी करंना.

तो हक्क म्हणजे जाहीरनाम्यातलं आठवं कलम. तुमचा हक्क मोडला गेला तर दाद मागायची सोय असली पाहिजे, आणि ती नुसती कागदावर नाही तर उपयोगी पडणारी. योगायोग बघा, जाहीरनामा मंजूर व्हायच्या आदल्याच दिवशी, ९ डिसेंबर १९४८ ला, दिल्लीत संविधान सभेत बाबासाहेब नेमकं याच मुद्द्यावर बोलत होते. आज आपण ज्याला ३२ वं कलम म्हणतो, हक्कासाठी थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचं, त्याला त्यांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं, याच्याशिवाय बाकी संविधान निरर्थक होईल असं सांगितलं. हक्क देणं सोपं असतं हो, दाद देणं अवघड.

आता दाद मागायला काय काय लागतं ते बघा. नाही कुणी म्हटलं ते कळायला पाहिजे, कधी म्हटलं ते आणि का म्हटलं ते. एवढं असलं की वकील नसला तरी माणूस भांडू शकतो. आपल्याकडच्या बायांनी तहसीलवर मोर्चे काढून, नायब तहसीलदाराला घेराव घालून काय कमी हक्क मिळवलेत का? पण घेराव घालायला समोर माणूस लागतो. आज सेतूवर जा, बँकेत जा, कृषी सहायकाला विचारा, उत्तर एकच येतं, "ते वरूनच बंद झालंय." वर म्हणजे कुठं? मुंबईला? दिल्लीला? का कुठल्या सर्व्हरमधे? सांगणाऱ्यालाही माहीत नसतं आणि तो खोटं बोलत नसतो ही त्यातली खरी गंमत आहे, त्याच्या स्क्रीनवर खरंच फक्त लाल अक्षरात एक ओळ आलेली असते.

अंगणवाडीचं घ्या. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. म्हणजे ताईने बाळंतीण बाईचा चेहरा मोबाईलने टिपायचा, तो आधारच्या नोंदीशी जुळायला पाहिजे, त्याआधी केवायसी करताना ओटीपी यायला पाहिजे. आता ओटीपी कुठं येतो? नवऱ्याच्या मोबाईलवर, कारण घरात आधारला जोडलेला नंबर त्याचाच. आणि नवरा कुठंय? कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात, कोयत्यावर, खिशातला मोबाईल कोपीवर (फडावरच्या झोपडीत) ठेवून उसात उतरलेला. मी एका गावात हा प्रकार स्वतः बघत बसलो होतो. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसलीय, ताई तिला म्हणतीय उजेडाकडं तोंड कर माय, डोळे मिचकाव, पदर मागं घे, पुन्हा कर, आणि मोबाईलवर गोल फिरायलंय ते फिरायलंच. दोघी एकाच गल्लीतल्या. ताईने त्या बाईच्या लग्नात जेवण वाढलेलं. पण ती बाई तीच आहे हे सांगायचा अधिकार ताईला नाही, तो मोबाईलला आहे. शेवटी ताई म्हणाली, "चेहरा घेईना गेलाय, उद्या ये." बाईने का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मला त्या न विचारण्याचा जास्त त्रास होतो. कारण माणसाने नाही म्हटलं तर आपला माणूस भांडतो, मशीनने नाही म्हटलं की त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी खोट आहे. आयुष्यभर ऊस तोडून बोटाच्या रेषा झिजल्या तर तो म्हणतो माझं बोट खराब झालंय. मशीन खराब आहे असं तो म्हणत नाही.

इथं कुणीतरी म्हणणार, म्हणणारच, की मग काय पुन्हा तलाठ्याच्या हाताखाली जायचं का, जुने दिवस काय फार चांगले होते? नव्हते. मी जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यातला नाही. रेशनचं धान्य रात्रीतून मोंढ्यात जायचं, मेलेल्या माणसाच्या नावावर अनुदान निघायचं, रोहयोच्या मस्टरवर पुढाऱ्याच्या बैलांचीच नावं तेवढी राहिली होती. पैसे थेट खात्यात यायला लागल्यापासून मधल्या बऱ्याच जणांची दुकानं बंद झाली हे खरंय आणि ते चांगलंच झालं. पण मशीन आलं की चोरी थांबते हेही तितकंसं खरं नाही. रोहयोच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो टाकायचं ॲप जानेवारी २०२३ पासून सगळीकडं सक्तीचं केलं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाला पत्रक काढून सांगावं लागलं की लोक भलतेच फोटो टाकायलेत, फोटोचाच फोटो काढून टाकायलेत. म्हणजे चोराने ॲपला चुना लावलाच आणि नेटवर्क नसलेल्या माळावर खरोखर खोदकाम करणाऱ्या बाईची हजेरी मात्र बुडायची ती बुडली. चोराकडं पळवाट शोधायला वेळ असतो, मजुराकडं नसतो.

रोहयोवरून आठवलं. ही योजना १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली, महाराष्ट्राने तिचा कायदा १९७७ ला केला, पुढं देशाने तीच गोष्ट उचलली. जे लोक या कायद्यावर गावात काम करायचे ते मजुरांना आधी एकच गोष्ट शिकवायचे: काम मागायचा नमुना ४ भरा आणि तारखेची पोच घ्या. ग्रामसेवक तोंडी सांगंल उद्या बघू, परवा बघू, ते ऐकायचं नाही, पोच घ्यायची. कारण पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकार भत्ता मागता येतो आणि पंधरा दिवस मोजायचे तर सुरुवातीची तारीख पाहिजे. मला वाटतं मानवी हक्कांच्या आख्ख्या चर्चेत याच्याइतकं व्यवहारी कुणी काही बोललेलं नाही. हक्क पोचेवर उभा असतो. आणि डिजिटल कारभारात अर्ज केल्याची पोच मिळते एकवेळ, पण नाकारल्याची पोच मिळत नाही.

आपल्या राज्यात तसा कायदा आहे बरं का. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. ठरलेल्या मुदतीत सेवा द्या नाहीतर कारण लेखी नोंदवून नाकारा, मग पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग, आणि विनाकारण अडवलं तर अधिकाऱ्याला दंड. छान कायदा आहे. पण त्याची मांडणी अशी की कुणीतरी अर्ज करणार आणि कुणीतरी तो नाकारणार. मशीनच्या कारभारात होतं काय की तुम्ही कुठलाच अर्ज केलेला नसतो. तुम्हाला मिळतच असतं, आणि कुठंतरी दोन याद्या एकमेकीला लावून बघितल्या जातात, आरटीओची यादी, इन्कम टॅक्सची यादी, आधारची यादी, त्यात तुमचं नाव कशाला तरी चिकटतं आणि पुढच्या महिन्यात पैसे येत नाहीत. अर्जच नाही तर नाकारलं कुठं? नाकारलंच नाही तर अपील कशाविरुद्ध? या फटीतून लाखो माणसं खाली पडू शकतात आणि कायद्याच्या भाषेत कुणावरच अन्याय झालेला नसतो.

हे मी हवेत बोलत नाही. नांदेडच्या पलीकडं देगलूर ओलांडलं की तेलंगणा. तिथं समग्र वेदिका नावाच्या प्रणालीने वेगवेगळ्या सरकारी याद्या जोडून माणसाचं एक चित्र तयार केलं आणि त्याआधारे लाखो रेशन कार्डं रद्द झाली, घरी जाऊन न बघता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा २०२२ साली कोर्टाला सांगावं लागलं की प्रत्यक्ष जाऊन पुन्हा तपासा. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशात मुलांच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या भत्त्यावर लबाडी पकडायला प्रणाली लावली, तिने परदेशी नागरिकत्व हीही संशयाची एक खूण धरली, हजारो कुटुंबांवर खोटा ठपका बसला, वसुली लागली, संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ ला तिथलं सरकारच राजीनामा देऊन गेलं. राजीनामा! आपल्याकडं सर्व्हर डाऊन झाला म्हणून कुणी रजेवरसुद्धा जात नाही.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ऑस्ट्रेलियाचं. तिथं रोबोडेट नावाने जे प्रकरण गाजलं त्यात मशीनने एकच साधी गोष्ट केली होती, माणसाची वर्षाची कमाई घेतली आणि ती वर्षभर सारखी वाटून टाकली, म्हणजे प्रत्येक पंधरवड्याला इतके आले असं धरलं. मग ज्या पंधरवड्यांत माणूस बेकार होता आणि सरकारी भत्ता घेत होता, तिथंही मशीनच्या हिशोबाने त्याला पगार चालू होता. लगेच नोटीस, तुम्ही जास्तीचे पैसे घेतले, परत करा. हंगामी काम करणारे, आज आहे उद्या नाही अशा नोकरीतले, तेच नेमके अडकले. त्यावर रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग बसला, २०२३ ला अहवाल आला, वसुली बेकायदाच ठरली होती. आता हाच हिशोब आपल्याकडं लावा. ऊसतोडीचं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं, लाख-दोन लाख एकदम. ती कमाई नाही, अंगावरचं कर्ज आहे, पुढचे पाच-सहा महिने फडात फेडायचं. त्यातलं निम्मं मागच्या हंगामाच्या बाकीत आणि पोरीच्या लग्नात आधीच गेलेलं असतं. पण ती खात्यावर आली आणि उद्या कुठल्या प्रणालीने फक्त खात्यातली जमा बघून ठरवलं की हे घर गरीब नाही, तर त्या प्रणालीला उचल म्हणजे काय हे शिकवलंय का कुणी? ती बनवणाऱ्याने मुकादम बघितलाय का? मला एआयची भीती वाटते ती सिनेमातल्या रोबोटसारखी नाही, ती अशी आहे की त्याला आमचं जगणं माहीत नाही आणि तरी आमच्याबद्दल त्याला खात्री आहे.

नोंदीची ताकद काय असते हे मराठवाड्याला कुणी सांगायची गरज नाही म्हणा. निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ ला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, उर्दू-फारसी-मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटवरून शासन निर्णय निघाला. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, मी त्यात आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की शंभर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने रकान्यात काय लिहिलं त्यावर आजच्या पोराचं ॲडमिशन अवलंबून राहू शकतं. मात्र तो कागद निदान सापडतो, वाचता येतो, कोर्टात ठेवून त्यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं. आज सर्व्हरवर आपल्याबद्दल जे लिहिलं जायलंय ते उद्या कोण शोधणार, आणि सापडलं तरी मशीनने त्यावरून कसं ठरवलं हे कुठल्या लिपीतज्ज्ञाला वाचता येणार?

मग आपला नवीन डेटा कायदा आहे की, असं म्हणाल. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला आले. वाचा एकदा. कंपनीने डेटा सांडला तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, ऐकायला भारी वाटतं, पण तो दंड जमा होतो सरकारी तिजोरीत, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातून दमडी नाही. सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय आहे. उलट नागरिकाचीच कर्तव्यं लिहिलीत, खोटी तक्रार केली वगैरे तर दहा हजारांपर्यंत दंड त्यालाच. याच कायद्याने माहिती अधिकारातलं ८(१)(जे) हे कलम बदललं, आधी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहिती मिळायची अशी वाट त्या कलमातच होती ती काढली, त्यामुळं मस्टरवर कुणाची नावं आहेत हे विचारणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्याला आता खासगी माहिती आहे म्हणून परत पाठवायला अधिकाऱ्याला सोपं झालं. आणि मुख्य गोष्ट, मशीनने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध माणसाकडून फेरतपासणी मागायचा हक्क त्यात नाही. युरोपच्या डेटा कायद्यात २२ व्या कलमात तो २०१८ पासून आहे. आपल्याकडं आधारच्या २०१८ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळं मत देताना लिहिलं होतं की माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क अल्गोरिदमवर आणि शक्यतेच्या हिशोबावर सोडता येणार नाहीत, पण ते अल्पमतात होते.

एआयने फायदा होणारच नाही असंही मी म्हणत नाही. आजीने आपल्या बोलीत मोबाईलला विचारावं की माझे निराधारचे पैसे का आले न्हाईत आणि त्याने तिला तिच्या भाषेत सरळ उत्तर द्यावं, हे होऊ शकतं, आणि झालं तर मी पहिला टाळ्या वाजवीन. डीपफेकचा त्रास, पोरींचे फोटो बिघडवून फिरवणं, आंदोलन पेटलं की जालना-बीडचं नेट बंद करणं, हे सगळेही प्रश्न आहेतच आणि प्रत्येकावर वेगळं लिहावं लागंल. पण त्या प्रत्येकात शेवटी गाडी तिथंच येऊन थांबते, तक्रार कुणाकडं आणि उत्तर कोण देणार.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, पण ती कायद्यात लिहिलेली पाहिजे, जीआरमधे नाही. कुठल्याही प्रणालीने माणसाचा चालू लाभ थांबवायचा असेल तर आधी नोटीस, मराठीत, साध्या मराठीत, त्यात कारण, कुठल्या यादीवरून ते कारण काढलं ते, आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा. सिस्टीम हे अधिकाऱ्याचं नाव नाही. त्या माणसाचं म्हणणं ऐकून निर्णय होईपर्यंत लाभ चालू ठेवायचा. आणि चूक माझी नाही हे त्याने सिद्ध करायचं नाही, चूक मशीनची नाही हे खात्याने सिद्ध करायचं. आज सगळं उलटं चाललंय, बाई दोनशे रुपयांचा रोज बुडवून, रिक्षाने तालुक्याला जाऊन, सेतूवर पैसे मोजून सिद्ध करती की ती जिवंत आहे. किती नावं उडवली आणि कुठल्या कारणाने, याचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे. नावं नकोत, कुणाचं काय बंद झालं हे चावडीवर लावून गरिबाची अब्रू काढायची गरज नाही, ज्याचं त्याला कारण कळलं की बास.

यावर अधिकारी लोकांचं ठरलेलं उत्तर असतं की एवढी माणसं कुठून आणायची. माणसं आहेत. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि ओटीपी मागितला, तेव्हा विधवा बायांचं, टाकून दिलेल्या बायांचं काय करायचं हे पोर्टलला माहीतच नव्हतं. मग मुदत वाढवली आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडं द्या म्हणून सांगितलं. म्हणजे मशीन अडलं की काम येऊन पडतं ताईच्याच अंगावर, ते ती आजही करती, जास्तीच्या मानधनाशिवाय आणि लोकांच्या शिव्या खाऊन. फक्त तिच्या सहीला किंमत नाही. ती द्या. चेहरा जुळला नाही, बोट उठलं नाही, ओटीपी आला नाही तर ताईने, ग्रामसेवकाने, रेशन दुकानदारासमोर गावच्या दोन साक्षीदारांनी सही करावी आणि त्याच दिवशी माल मिळावा, नंतर त्या सह्यांची तपासणी करा, शंभरातल्या दहा उचलून घरी जाऊन बघा, खोटी निघाली तर कारवाई करा. यात थोडी चोरी होईल, मला मान्य आहे. आत्ताही होतीच की, आणि वरून खऱ्या माणसाचं धान्य बुडतं. दोन्हीतली कुठली चूक परवडते हे ठरवायचा अधिकार मात्र सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा नाही, विधानसभेचा आहे, आणि तिथं मराठवाड्यातून निवडून गेलेल्या आमदारांपैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात एवढाच प्रश्न लावावा: मागच्या वर्षभरात कुठल्या योजनेतून किती नावं मशीनने उडवली, आणि त्यातल्या किती जणांना लेखी कळवलं?